कुष्ठरोग: २०२७ चे सरकारी उद्दिष्ट आणि आपल्या अंगावरचा न खाजणारा चट्टा

तपासणी संपवून मी जेव्हा "हा कुष्ठरोग आहे" असे सांगतो, तेव्हा खोलीत आधी शांतता पसरते. मग बहुतेक वेळा रुग्ण नाही, तर सोबत आलेली व्यक्ती विचारते, "पण डॉक्टर, हा रोग तर आता संपला ना?"

प्रश्न चुकीचा नाही. सरकारनेच तसे जाहीर केले होते. आणि आता तेच सरकार म्हणते की २०२७ पर्यंत या रोगाचा प्रसार थांबवायचा आहे. संपलेला रोग पुन्हा कसा संपवायचा, असा गोंधळ कोणाचाही होईल. हा लेख त्या गोंधळासाठी आहे, आणि त्याहून जास्त तुमच्या घरातल्या त्या एका फिकट चट्ट्यासाठी आहे, ज्याकडे अजून कोणी नीट पाहिलेले नाही.

"निर्मूलन झाले" म्हणजे नेमके काय झाले?

१९९१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत ठरले की कुष्ठरोग "सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न" राहणार नाही इतका कमी करायचा. मोजमाप असे: दर १०,००० लोकसंख्येमागे उपचार घेत असलेले रुग्ण एकापेक्षा कमी. भारतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रमाण ५७ च्या आसपास होते. डिसेंबर २००५ मध्ये देशाची सरासरी एकच्या खाली आली आणि निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

हे यश खरे होते, पण त्यातल्या दोन गोष्टी सामान्य माणसापर्यंत कधी पोहोचल्या नाहीत. पहिली, ही देशाची सरासरी होती. एखाद्या राज्यात, जिल्ह्यात किंवा तालुक्यात रुग्ण बरेच जास्त असले तरी सरासरीत ते बुडून जातात. आपल्याकडे पूर्व विदर्भात, विशेषतः चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे, हा आजार कधीच दुर्मिळ झाला नाही. दुसरी गोष्ट, हा आकडा "आज उपचार सुरू असलेल्यांचा" आहे. १९९७ नंतर जास्त जंतू असलेल्या रुग्णांचा उपचार २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आला. औषध तितकेच गुणकारी ठरले, त्यामुळे निर्णय योग्यच होता. पण रुग्ण नोंदवहीत निम्मा काळच राहू लागल्यावर आकडा आपोआप खाली येणार, हेही तितकेच खरे.

आज जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात सापडतात. वर्षाला एक लाखाच्या वर. म्हणजे रोग कमी झाला आहे, संपलेला नाही.

वर्धेने देशाला दिलेली पद्धत

या जिल्ह्याचे आणि या आजाराचे नाते जुने आहे. १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. सेवाग्राम आश्रमात संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना गांधीजींनी ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. त्यांची कुटी आजही आश्रमात पाहायला मिळते. बाबा आमटे जन्माने हिंगणघाटचे.

हे सगळे आपल्याला शाळेपासून माहीत असते. त्यामुळे वर्धा म्हटले की सेवा आठवते. पण सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मला त्याहून मोठे वाटणारे काम फारसे कोणी सांगत नाही. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि डॉ. आर. व्ही. वर्देकर यांनी तिथून एक साधी पण वेगळी पद्धत उभी केली: सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार. तोपर्यंत कुष्ठरोग म्हणजे गावाबाहेरची वसाहत असा अर्थ होता. या पद्धतीत कार्यकर्ता घरोघर जाऊन प्रत्येकाचे अंग तपासायचा, गावाला आजार समजावून सांगायचा आणि रुग्णाला त्याच्याच घरी डॅप्सोनच्या गोळ्या द्यायचा. रुग्णाने घर सोडायची गरज उरली नाही. १९५५ च्या सुमारास केंद्र सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याचा गाभा हीच पद्धत होती. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाहून जास्त औषधांची उपचारपद्धती, म्हणजे एमडीटी, देशात आली तेव्हाही ती आधी सुरू झालेल्या मोजक्या जिल्ह्यांत वर्धा होता. १९८३ मध्ये कार्यक्रमाच्या नावात "नियंत्रण"च्या जागी "निर्मूलन" आले.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. सरकारची ताकद म्हणजे दिल्लीतला कागद नव्हे. घरोघर फिरून, उजेडात उभे करून, पाठ पाहणारा माणूस गावात आहे की नाही, ही ती ताकद.

मग २०२७ आणि २०३० ही वर्षे कुठून आली?

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सर्व देशांनी १७ शाश्वत विकास ध्येये मान्य केली. त्यांतले तिसरे ध्येय आरोग्याचे. त्याच्या एका लक्ष्यात म्हटले आहे की २०३० पर्यंत एड्स, क्षयरोग, हिवताप आणि उष्ण कटिबंधातले दुर्लक्षित आजार यांची साथ संपवायची. कुष्ठरोग या दुर्लक्षित आजारांत मोडतो. भारताने ३० जानेवारी २०२३ ला जाहीर केलेल्या राष्ट्रीय आराखड्यात कुष्ठरोगाचा प्रसार २०२७ पर्यंतच, म्हणजे तीन वर्षे आधी, थांबवण्याचे ठरवले.

"प्रसार थांबला" हे ठरवायची जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी कडक आहे. त्या भागात किमान सलग पाच वर्षे एकाही लहान मुलात हा आजार नव्याने सापडता कामा नये. लहान मुलेच का? कारण हा जंतू फार सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात, कधीकधी वीसही. साठीच्या माणसात आज आजार दिसला तर लागण केव्हाची आहे सांगता येत नाही. आठ वर्षांच्या मुलीत दिसला तर एक गोष्ट नक्की: गेल्या काही वर्षांत तिच्या आसपास उपचार न घेतलेला रुग्ण होता, आणि यंत्रणेच्या तो नजरेतून सुटला.

देशात नव्या रुग्णांमध्ये लहान मुले अजून सापडतात. पाच वर्षांची अट लावली तर देशपातळीवर २०२७ मध्ये हे जमेल असे मला वाटत नाही. काही जिल्ह्यांत जमेल. तारखेबद्दल माझी तक्रार नाही. तारीख असली की निधी मिळतो, बैठका होतात, आढावा घेतला जातो. भीती वेगळीच वाटते. तारीख जवळ आली की रुग्ण शोधण्यापेक्षा रुग्ण कमी दाखवण्याकडे कल जाऊ शकतो. म्हणून एखाद्या वर्षी तुमच्या तालुक्यात जास्त रुग्ण सापडल्याची बातमी आली तर घाबरू नका. शोध नीट झाला, असाही त्याचा अर्थ असतो.

दिल्लीपासून तुमच्या दारापर्यंत

आरोग्य हा आपल्या घटनेत राज्यांचा विषय आहे. धोरण, मार्गदर्शक सूचना आणि बराचसा पैसा केंद्राकडून येतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. माणसे मात्र राज्याला नेमावी लागतात. जिल्ह्यात या कामाचे प्रमुख असतात सहायक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग). त्यांच्याखाली तालुका, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि शेवटी आशाताई. औषधे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत येतात. २००० पासून नोव्हार्टिस ही एकच कंपनी ती जगभर फुकट देत आली आहे, त्यामुळे तुम्हाला एक रुपयाही लागत नाही. एवढ्या मोठ्या देशाने एका औषधासाठी एका देणगीवर विसंबून राहावे का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो, पण तो रुग्णाने सोडवायचा नाही.

पूर्वी कुष्ठरोगासाठी स्वतंत्र पथके होती. त्यांतले अवैद्यकीय सहायक वर्षानुवर्षे हेच काम करायचे. सायकलवर गावे फिरायचे आणि नुसत्या बोटांनी कोपराच्या आतली नस चाचपून ती जाड आहे का सांगायचे. मला एमबीबीएसच्या काळात ही तपासणी प्राध्यापकांइतकीच अशा एका निवृत्तीला आलेल्या सहायकाने शिकवली. निर्मूलन जाहीर होण्याच्या आसपास हे काम सर्वसाधारण आरोग्य सेवेत मिसळले गेले. त्यामागचा विचार चांगला होता: कुष्ठरुग्णाला वेगळ्या दारातून जावे लागू नये, तापाच्या रुग्णासारखेच त्यालाही आरोग्य केंद्रात औषध मिळावे. पण ती अनुभवी माणसे एकेक करून निवृत्त झाली आणि तो स्पर्श पुढच्या पिढीत उतरलाच असे नाही. आज एका आशाताईकडे गरोदर बायांची नोंद, बाळांचे लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, रक्तदाबाची तपासणी आणि डझनभर रजिस्टरे असतात. कुष्ठरोग त्या यादीत कुठेतरी खाली.

केंद्राला हे २०१० नंतरच्या दशकात कळले. नव्या रुग्णांमध्ये पहिल्याच तपासणीला विकृती असलेले लोक दिसू लागले, म्हणजे ते उशिरा सापडत होते. म्हणून २०१६ पासून घरोघर शोध मोहिमा आणि २०१७ पासून दरवर्षी ३० जानेवारीला गावोगाव "स्पर्श" जनजागृती सुरू झाली. २०२५ मध्ये महाराष्ट्राने कुष्ठरोगाची नोंद बंधनकारक केली. खासगी डॉक्टरनेही निदान झाल्यावर दोन आठवड्यांत कळवायचे आहे. हे फार आधी व्हायला हवे होते. आपल्याकडे अंगावरचा चट्टा आधी मेडिकलच्या दुकानात जातो, मग जवळच्या खासगी डॉक्टरकडे, आणि सगळ्यात शेवटी आरोग्य केंद्रात.

त्या मधल्या टप्प्यावर काय होते, ते मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत कापूस वेचणीला जाणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. डाव्या कोपराच्या खाली फिकट, कडा किंचित उंच असलेला चट्टा. मी गजकर्ण समजून मलम दिले. महिन्याने पुन्हा आल्या, मी मलम बदलून दिले. चट्टा खाजतो का, हे मी विचारले नाही. स्पर्श कळतो का, हेही पाहिले नाही. रांग मोठी होती, हे कारण आज मला पटत नाही. चार महिन्यांनी त्यांच्या गावच्या आशाताई त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या, कारण त्यांची करंगळी वाकायला लागली होती आणि बोंडातून कापूस ओढताना बोटे साथ देत नव्हती. निदान झाल्यावर त्या मला सांगायला आल्या. रागावल्या नव्हत्या, म्हणूनच जास्त लागले. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक साधे बॉलपेन फक्त चट्टे तपासण्यासाठी असते.

चट्टा कसा ओळखायचा?

कुष्ठरोगाचा चट्टा त्वचेच्या रंगापेक्षा फिकट किंवा लालसर असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि त्यावर स्पर्श, गरम किंवा थंड कळत नाही किंवा कमी कळते. बऱ्याचदा त्या जागी घाम येत नाही आणि केस विरळ होतात. तो जन्मापासून नसतो. कोड पूर्ण पांढरे असते आणि त्यावर स्पर्श नीट कळतो. शिबं पावसाळ्यात वाढते, त्यावर कोंडा असतो. गजकर्णाला खाज सुटते. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात मात्र संवेदना शाबूत राहू शकते, म्हणून तिथे घरगुती तपासणीवर विसंबू नका.

घरी पाहायचे असेल तर असे पाहा. चांगल्या उजेडात बसा. बॉलपेनचे टोक किंवा कापसाची वात आधी निरोगी त्वचेवर हलकेच टेकवा आणि "कुठे लागले ते बोट ठेवून दाखव" म्हणून सांगा. समजले की डोळे मिटायला लावा. आता कधी चट्ट्यावर, कधी बाजूच्या त्वचेवर टेकवा. टेकवायचे, ओढायचे नाही. चट्ट्यावरचे स्पर्श दाखवता आले नाहीत तर आरोग्य केंद्रात जा. सुई वापरू नका. बधिर जागेवर जखम झालेली कळत नाही.

चट्टा नसतानाही हा आजार असू शकतो, आणि तोच प्रकार जास्त जंतूंचा आणि पसरणारा असतो. चेहरा तेलकट, चमकदार दिसू लागणे, कानाच्या पाळ्या जाड होणे, भुवयांचे केस बाहेरच्या बाजूने गळणे, अंगावर गाठी. कधी पहिली खूण हात-पाय देतात: चुलीवरचे भांडे उचलताना भाजले पण कळले नाही, पायातली चप्पल रस्त्यात निसटली आणि घरी आल्यावर लक्षात आले, सदऱ्याची बटणे लावता येईनात, पाऊल घासत पडू लागले, झोपेत एक डोळा उघडा राहतो. मधुमेहातही पाय बधिर होतात, त्यामुळे हे वाचून लगेच निष्कर्ष काढू नका. दाखवा मात्र नक्की.

सर्वेक्षणाची माणसे दारात आली तर

मोहिमेत साधारणपणे एक स्त्री आणि एक पुरुष असे पथक येते. बायकांची तपासणी स्त्री कार्यकर्ती करते. आपल्याकडे होते असे की पथक सकाळी येते, कर्ता पुरुष शेतात किंवा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कामावर गेलेला असतो, घरातल्या बाई दारातूनच "आमच्याकडे काही नाही" म्हणतात, आणि भिंतीवर खडूने खूण होते. त्या खुणेचा अर्थ "घर तपासले" असा होतो. खरे म्हणजे कोणाचीच पाठ पाहिलेली नसते.

तपासणी होऊ द्या. पाठ, कंबर, कुल्ले, मांड्यांचा मागचा भाग स्वतःला कधी दिसत नाही. कामावर गेलेल्याचे नाव सांगा आणि पुन्हा यायला सांगा. सासूबाई किंवा सून लाजेने नको म्हणत असेल तर आत वेगळ्या खोलीत तपासायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर बाहेरगावी जाणारे कुटुंब असेल तर गावात असताना स्वतःहून उपकेंद्रात जाऊन या, कारण मोहिमेच्या तारखा तुमच्यासाठी थांबत नाहीत.

औषधे

पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, जास्त चट्टे किंवा एकाहून जास्त नसा बाधित असतील तर बारा महिने. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही तीन औषधे महिन्याच्या पाकिटात येतात. पूर्वी कमी चट्ट्यांच्या रुग्णांना दोनच औषधे मिळत. एप्रिल २०२५ पासून दोन्ही प्रकारांत तिन्ही दिली जातात. महिन्याचा पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीचा रोज घरी.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण याच कारणांनी लोक गोळ्या सोडतात. पहिल्या डोसनंतर लघवी लालसर होते. ते रक्त नाही, रिफाम्पिसिनचा रंग आहे. क्लोफाझिमिनने त्वचा काळपट पडते. नव्या सुनेच्या किंवा लग्नाच्या वयातल्या मुलीच्या बाबतीत हा रंगच घरात चर्चेचा विषय होतो, हे मला माहीत आहे. औषध संपल्यावर काही महिन्यांत तो ओसरतो. पण पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ किंवा कावीळ आली तर मात्र गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. डॅप्सोनची ही क्वचित होणारी पण गंभीर प्रतिक्रिया असू शकते. आधीपासून रक्त कमी असेल तर तेही सांगा.

गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजत असताना ही औषधे चालू ठेवायची असतात. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याची शक्यता जवळपास संपते. वेगळे ताट, वेगळी खोली, वेगळे अंथरूण यांची गरज नाही. तसेही सुमारे ९५ टक्के लोकांच्या शरीरात या जंतूविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती असते. हस्तांदोलनाने किंवा एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, श्वासावाटे तो पसरतो. म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी करून, आजार नसेल तर रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला जातो. पुढच्या दोन वर्षांत आजार होण्याची शक्यता त्याने निम्म्याच्या आसपास कमी होते. दोन वर्षांखालील बाळाला, गरोदर बाईला आणि क्षयरोगाची शंका असलेल्याला तो देत नाहीत. घरात रुग्ण असून हा डोस कोणी विचारलाच नसेल तर तुम्ही विचारा. शेजाऱ्यांना नाव कळू नये असे वाटत असेल तर तेही सांगा. नाव न सांगता डोस देण्याची सोय आहे.

रिअॅक्शन: हात वाचवायची वेळ

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. कुष्ठरोगात हात-पाय वाकडे होतात ते जंतू त्यांना खातात म्हणून नव्हे. शरीर जंतूविरुद्ध अचानक जोराने लढू लागते आणि त्या लढाईत नसा सुजतात. याला रिअॅक्शन म्हणतात. ती उपचाराआधी, उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही येऊ शकते. जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, किंवा अंगावर दुखऱ्या लाल गाठी येऊन ताप येतो, कोपर-गुडघ्याजवळची नस दुखते, हातापायातली शक्ती काही दिवसांत कमी होते. रुग्णाला वाटते औषध उलटले, आणि तो गोळ्या बंद करतो.

गोळ्या बंद करू नका. नस सुजून सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोनचा योग्य उपचार सुरू झाला तर गेलेली शक्ती बऱ्याच प्रमाणात परत येऊ शकते. जितका उशीर, तितकी आशा कमी. हे औषध काही आठवडे ते महिने चालते आणि हळूहळू कमी करायचे असते. मधुमेह, रक्तदाब किंवा पोटाचा अल्सर असेल तर आधी सांगा. आरोग्य केंद्रात डॉक्टर जागेवर नसतील तर "पुढच्या आठवड्यात या" ऐकून परत फिरू नका. हिंगणघाट किंवा आर्वीचे उपजिल्हा रुग्णालय, वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे रुग्णालय, जे जवळ पडेल तिथे त्याच दिवशी त्वचारोग विभागात जा आणि उपचाराचे कार्ड सोबत न्या.

काय मिळते आणि काय कोणी हिरावून घेऊ शकत नाही

बधिर पायांसाठी मऊ तळव्याच्या एमसीआर चपला आणि जखमेची काळजी घेण्याचा संच फुकट मिळतो. वाकलेली बोटे किंवा पडलेले पाऊल सुधारण्याची शस्त्रक्रिया मोफत होते आणि त्यासाठी बुडणाऱ्या मजुरीपोटी १२,००० रुपये मिळतात. कायम विकृती असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात "कुष्ठरोगमुक्त व्यक्ती" असा वेगळा उल्लेख आहे, त्यानुसार दिव्यांग प्रमाणपत्र काढा. या चपला वेळेवर न येणे ही नेहमीची तक्रार आहे. तोंडी विचारून थांबू नका. आरोग्य केंद्रात लेखी मागणी द्या आणि एक प्रत सहायक संचालकांच्या कार्यालयाला पाठवा. लेखी मागणीची नोंद राहते, तोंडी मागणीची राहत नाही.

आणि २०१९ पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण राहिलेले नाही. सासरच्यांनी तशी धमकी दिली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ला मिळतो.

औषध संपल्यावर

शेवटचे पाकीट संपले की तुम्ही बरे झालात. पण चट्ट्याचा रंग काही वेळा तसाच राहतो आणि गेलेली संवेदना परत येईलच असे नाही. याचा अर्थ आजार राहिला असा नाही. गोळ्या वाढवून मागू नका. पायाला बधिरपणा असेल तर रोज रात्री पाय वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवा, जाड कातडी हलकेच घासा, ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा आणि तळवे उजेडात पाहा. स्वतःला दिसत नसतील तर नातवंडांना पाहायला सांगा. चुलीजवळ हाताला कापड बांधा. डोळा मिटत नसेल तर झोपताना स्वच्छ फडके बांधा. पहिली काही वर्षे वर्षातून एकदा तपासून घ्या. नवा चट्टा, नसेतला ठणका किंवा हातातली कमजोरी दिसली तर तेवढी वाट पाहू नका.

त्या कापूस वेचणाऱ्या बाईंच्या बोटांत प्रेडनिसोलोनने बरीच शक्ती परत आली. करंगळी पूर्ण सरळ झाली नाही. त्या अजूनही वेचणीला जातात, आणि गावात कोणाच्या अंगावर चट्टा दिसला की बॉलपेन मागतात.